फॉरेक्स कार्ड : युरोपात उपयोगी, बँकॉकात ओझं

परदेश सहलीचं बुकिंग झालं की बँकेतून हमखास फोन येतो. "फॉरेक्स कार्ड करून टाका, झीरो मार्कअप आहे." मार्कअप म्हणजे परदेशी व्यवहारावर बँक वरून लावते ती टक्केवारी. कार्ड वाईट नाही, कित्येकांसाठी चांगलंच आहे. पण झीरो मार्कअप म्हणजे फुकट नव्हे. बँक आपली कमाई कार्ड वापरताना नाही, कार्डात पैसे भरतानाच काढून घेते. ती किती काढते आणि कुठल्या देशात त्याबदल्यात आपल्या पदरात काय पडतं, एवढं पाहिलं की कार्ड घ्यायचं की नाही हे ठरवायला दहा मिनिटं पुरतात.

हे प्रीपेड कार्ड असतं. पुण्यात रुपये भरायचे, त्या दिवशीच्या दराने त्यांचे युरो, डॉलर, पौंड होतात आणि त्या त्या चलनाच्या कप्प्यात जाऊन बसतात. पॅरिसच्या दुकानात कार्ड लावलं की युरोच्या कप्प्यातून तेवढेच युरो वजा होतात, पुन्हा रूपांतर नाही. बचत खात्याशी कार्डाचा संबंध नसतो. त्यामुळे ते चोरीला गेलं तरी धोका त्यात भरलेल्या रकमेपुरताच, आणि ॲपमधून कुलूप घातलं तर तोही टळतो. आई-वडील पहिल्यांदाच परदेशी निघाले असतील तर केवळ या एका कारणासाठी कार्ड घ्यावं.

आता हिशेब. समजा बाजारात युरो १०० रुपये आहे. बँकेचा कार्डाचा विक्री दर १०१.५० आणि नोटांचा १०२.५०. (आकडे सोयीसाठी घेतलेत, पण फरकाचं प्रमाण साधारण असंच असतं.) २,००० युरो कार्डात भरले तर २,०३,००० रुपये. त्यावर चलन बदलण्याचा जीएसटी. तो पूर्ण रकमेवर १८ टक्के नसतो, हे ऐकून बरेच जण सुटकेचा नि:श्वास टाकतात. एक लाखापर्यंत रकमेच्या १ टक्का, किमान २५० रुपये, आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेच्या अर्धा टक्का, एवढंच सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. म्हणजे आपल्या उदाहरणात १,५१५ रुपयांवर सुमारे २७३. कार्डाची फी ३०० रुपये अधिक कर धरली तर ३५४. एकूण २,०३,६२७.

तेवढाच खर्च रोजच्या डेबिट कार्डावर केला तर? बहुतेक कार्डांवर परदेशी व्यवहाराला ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. २,००० युरो २,०८,२६० ला पडतील. फॉरेक्स कार्डाने साडेचार हजारांहून जास्त वाचले. नोटा घेतल्या असत्या तर २,०५,२७५. आणि ज्यांच्याकडे खरोखर शून्य मार्कअपचं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड आहे त्यांना हाच खर्च दोन लाखांच्या आसपास पडतो, कारण व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर बाजारभावाला चिकटून असतो. असं कार्ड घरात असेल तर फॉरेक्स कार्ड फक्त हाताशी दुसरं असावं म्हणून. मात्र त्या क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका. त्यावर वेगळी फी लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

या हिशेबातली मेख शिल्लक रकमेत आहे. ३०० युरो उरले आणि परत आल्यावर विकायला गेलात तर बँक ते ९८.५० ने घेईल. घेताना १०१.५०, देताना ९८.५०. नऊशे रुपये तिथेच गेले, वर जीएसटीचे पन्नासेक. म्हणून "असू दे जास्तीचे, लागतील" या विचाराने कार्ड भरणं महागात पडतं. हॉटेल, रेल्वे, संग्रहालयांची तिकिटं आधीच काढली असतील तर उरलेल्या खर्चाच्या ७० ते ८० टक्के भरा. कमी पडलं तर वरून भरता येतं.

दर विचारायचा तो "डॉलर काय भाव?" असा नव्हे. "कार्ड लोडिंगचा दर काय, नोटांचा काय, कार्डाची फी धरून हातात पडेपर्यंत एकूण किती?" असं विचारा. सकाळी अकराच्या पुढे, बाजार सुरू झाल्यावर, एकाच तासात तीन ठिकाणी फोन करा. सकाळचा एक आणि संध्याकाळचा दुसरा दर ताडून पाहण्यात अर्थ नाही. जंगली महाराज रस्ता, कॅम्पात महात्मा गांधी रस्ता, कोरेगाव पार्क या भागांत मनी चेंजर आहेत आणि हजार-दीड हजार डॉलरच्या पुढच्या रकमेवर दर थोडा खाली येतो. विचारल्याशिवाय मात्र येत नाही. घासाघीस करायला पुणेकराला शिकवावं लागत नाही, पण इथे सगळे का कोण जाणे दबकून बोलतात. बँकेतही शाखाधिकाऱ्याला "अमुक ठिकाणी इतका मिळतोय" असं सांगितलं तर बरेचदा सुधारित दर मिळतो. प्रत्येक शाखेत कार्डाचं किट तयार नसतं, म्हणून जाण्याआधी फोन करावा. विमानतळावरच्या काउंटरचा दर सर्वांत वाईट. लोहगावहून निघा की मुंबईहून, तिथे चलन घ्यायचं ते अगदीच नाइलाज झाला तर.

मनी चेंजरकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना दर्शनी भागात लावलेला असतो, तो पाहा. छापील बिल घ्या. "बिलाशिवाय दर चांगला देतो" म्हणणाऱ्याकडून उठून यावं, कारण नोटा कुठून आल्या हे कस्टम्सने विचारलं तर दाखवायला दुसरं काही नसतं. घरपोच सेवा मिळते. कोथरूड किंवा वाकडहून शहरात येण्यापेक्षा ती सोयीचीच, पण आलेल्या माणसाला पासपोर्टची झेरॉक्स द्यायची, मूळ पासपोर्ट फक्त दाखवायचा.

कागदपत्रं ठरलेली आहेत: पासपोर्ट, पॅन, तिकीट, लागत असेल तिथे व्हिसा, आणि ए-२ नावाचा अर्ज. प्रवासाच्या ६० दिवस आधीपर्यंत चलन घेता येतं, त्याहून आधी नाही. रोख रुपये देऊन घेणार असाल तर ५०,००० च्या आत. त्यापुढे चेक, खात्यातून किंवा कार्डाने. परदेशी नोटा एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलर किमतीच्या, बाकी कार्डात किंवा बँकेमार्फत (मोजक्या देशांना यात सवलत आहे, पण सहलीचे नेहमीचे देश त्यात येत नाहीत). आर्थिक वर्षाला माणशी एकूण मर्यादा २,५०,००० डॉलर. तिच्या जवळपासही सहलीचा खर्च जात नाही, तेव्हा ती विसरलात तरी चालेल.

विसरू नये तो टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ कापून घेतला जाणारा आयकर. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम या वार्षिक मर्यादेत मोजली जाते आणि एका पॅनवर वर्षाला दहा लाखांच्या वर गेल्यास वरच्या भागावर २० टक्के टीसीएस कापला जातो. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही रेषा सात लाखांवर होती, जुने व्हिडिओ अजून तीच सांगतात. चौघांच्या कुटुंबाने सगळी रक्कम एकाच्या नावावर भरण्याऐवजी आपापल्या पॅनवर भरली तर सहसा प्रश्नच येत नाही. टूर कंपनीच्या पॅकेजवरचा टीसीएस वेगळा. तो पहिल्या रुपयापासून लागतो आणि त्याचा दर अर्थसंकल्पांत बदलत आलाय, म्हणून कोटेशनमध्ये तो आकडा वेगळा लिहून मागा. हे पैसे बुडत नाहीत. रिटर्न भरताना वळते होतात, नोकरदारांना पगारातल्या टीडीएसमध्येही वळते करून घेता येतात. पण तोवर अडकून पडतात आणि सहलीच्या बजेटमध्ये कुणी धरलेले नसतात.

टूरबरोबर जाणाऱ्यांसाठी आणखी एक. अनेक कंपन्या किंमत दोन तुकड्यांत सांगतात: अमुक लाख रुपये अधिक अमुक युरो. युरोचा तुकडा ज्या दिवशी शेवटचा हप्ता भराल त्या दिवसाच्या दराने पडतो, बुकिंगच्या दिवशीच्या नव्हे. ते युरो तुमच्या कार्डातले नसतात, कंपनीमार्फत वेगळे जातात. सहलीत मॅनेजर ‘ऑप्शनल’च्या नावाखाली बोटीची फेरी, टॉवरचा वरचा मजला आणि टिपा यांचे पैसे बहुतेक वेळा रोख गोळा करतो. त्याची यादी आणि रक्कम निघण्याआधी लेखी मागितली की किती नोटा न्यायच्या हे कळतं.

कार्डात कुठली चलनं आहेत हे घेण्यापूर्वी पाहायचं, घेतल्यावर नव्हे. डॉलर, युरो, पौंड, दिरहम, सिंगापूर डॉलर, ऑस्ट्रेलियन डॉलर बहुतेक कार्डांत असतात. स्विस फ्रँक, येन, बाट काहींतच. चेक कोरुना आणि हंगेरीचा फोरिंट तर क्वचित, आणि प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट ही सहल हल्ली सगळ्या ब्रोशरमध्ये असते. व्हिएन्नात युरो चालतो, उरलेल्या दोन शहरांत स्थानिक चलन. कप्पा नसलेल्या चलनात कार्ड लावलं तर बँक युरोच्या कप्प्यातून पैसे काढते आणि रूपांतराचे साधारण ३ ते ३.५ टक्के लावते. झीरो मार्कअपची जाहिरात नेमकी याबद्दल गप्प असते. पॅरिस-स्वित्झर्लंडच्या नेहमीच्या सहलीत फ्रँकचा कप्पा वेगळा भरा. स्वित्झर्लंडमध्ये पर्यटकांच्या दुकानांत युरोच्या नोटाही घेतात, पण सुटे परत देतात फ्रँकमध्ये आणि दर दुकानदाराचा. क्रोएशियात १ जानेवारी २०२३ पासून युरो आहे, कुना शोधत बसू नये.

थायलंडला कार्ड घेऊन जाणं बहुतेकांसाठी फुकटचा उपद्व्याप आहे. रस्त्यावरचं जेवण, टुकटुक, बाजार, बेटावरची बोट, सगळं रोखीत. एटीएममधून काढायला जावं तर तिथली बँक परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त लावते, वर आपल्या बँकेची फी. त्यापेक्षा पुण्यातून १०० डॉलरच्या कोऱ्या नोटा न्याव्यात आणि बँकॉक शहरात सुपररिचसारख्या मनी चेंजरच्या काउंटरवर बदलाव्यात, पासपोर्ट लागतो. विमानतळावर उतरल्यावर टॅक्सीपुरतेच बदलायचे. व्हिएतनाम आणि बालीतही हेच. नोट दुमडलेली, शिक्का किंवा पेनाची खूण असलेली नको. तिथे अशा नोटेला कमी दर देतात किंवा सरळ नाकारतात, म्हणून पुण्यातल्या काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून घ्या आणि खराब असेल ती तिथल्या तिथे बदलून मागा. ५० किंवा २० च्या नोटांपेक्षा १०० च्या नोटेला दर चांगला मिळतो. व्हिएतनाममध्ये २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या दोन्ही नोटा निळसर असतात, घाईत पंचवीसपट टॅक्सीभाडं जातं.

दुबई आणि सिंगापूरला कार्ड मस्त चालतं, सिंगापुरात हॉकर सेंटरमधल्या काही टपऱ्यांसाठी थोडी रोख ठेवावी. जपानला येनचा कप्पा असेल तर उत्तम. छोट्या उपाहारगृहांत आणि देवळांत अजून रोखच लागते, पण सेव्हन-इलेव्हन दुकानातली एटीएम परदेशी कार्डं घेतात आणि पडद्यावर इंग्रजी येतं. लंडनला पौंड भरलेलं कार्ड मेट्रोच्या फाटकावर थेट टेकवता येतं. मात्र आत जाताना आणि बाहेर येताना तेच कार्ड टेकवायचं, आणि माणशी एक कार्ड. नवरा-बायकोत एक कार्ड चालत नाही, हे फाटकावर कळण्यापेक्षा पुण्यात कळलेलं बरं.

सर्वांत जास्त पैसे जातात ते एका बटणावर. दुकानातलं मशीन भारतीय कार्ड ओळखतं आणि विचारतं: ४८ युरो की तेवढे रुपये? रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडे जातं. तिथे दुकानाची बँक स्वतःच्या चढ्या दराने युरोचे रुपये करते, आणि फॉरेक्स कार्डात रुपयांचा कप्पा नसल्याने आपली बँक ते रुपये पुन्हा युरोतून वसूल करते, रूपांतराची फी लावून. दोन्ही मिळून सात-आठ टक्के सहज जातात. नेहमी स्थानिक चलन निवडा. काही ठिकाणी वेटर किंवा काउंटरवरचा माणूस तुम्हाला न विचारता स्वतःच रुपये दाबतो, म्हणून पिन टाकण्याआधी पडद्यावर कुठलं चिन्ह आहे ते पाहा. रुपये दिसले तर लाल बटण दाबून व्यवहार नव्याने करायला सांगा. एटीएमवर हाच प्रश्न भीतिदायक शब्दांत येतो: ‘रूपांतर स्वीकारा’ किंवा ‘नाकारा’. नाकारा दाबलं की व्यवहारच रद्द होईल असं वाटतं. होत नाही; पैसे येतात, फक्त आपल्या कार्डाच्या हिशेबाने येतात. पर्यटनस्थळी भिंतीला टेकून उभी असलेली खासगी एटीएम टाळावीत, बँकेच्या शाखेला लागून असलेलं शोधावं.

कार्ड हमखास अडतं अशा जागा: भाड्याच्या गाडीचं काउंटर, हॉटेलची अनामत, माणूस नसलेला पेट्रोल पंप, टोलनाका, विमानातली विक्री. गाडी भाड्याने देणाऱ्यांना बहुधा चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड हवं असतं, प्रीपेड ते घेत नाहीत. हॉटेल २००-३०० युरो ‘होल्ड’ करतं. क्रेडिट कार्डावर ती नुसती मर्यादा अडते. फॉरेक्स कार्डावर तुमचे खरे पैसे अडतात आणि हॉटेल सोडल्यावरही सुटायला कधी आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. स्वयंचलित पंपही पेट्रोल वीस युरोचं असलं तरी आधी मोठी रक्कम धरून ठेवतो. टोलनाक्यावरची आणि विमानातली मशीनं बरेचदा बँकेला न विचारता व्यवहार करतात. प्रीपेड कार्डाला शिल्लक तपासल्याशिवाय होकार देता येत नाही, म्हणून ते नाकारलं जातं. तेव्हा अनामतीसाठी एक क्रेडिट कार्ड लागतंच. ते निघण्याआधी ॲपमधून परदेशी वापरासाठी सुरू करा. २०२० पासून नव्या कार्डांवर ही सोय मुळात बंदच येते.

फॉरेक्स कार्डाचा पिनही पुण्यातच तयार करायचा आणि ऑनलाइन व्यवहार सुरू करायचे. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून परदेशी ई-सिम टाकलं तरी आपलं सिम फोनमध्ये चालू ठेवायचं, त्याचा डेटा तेवढा बंद. कमी पडल्यास वरून भरण्याची सोय ॲपमध्ये आहे की शाखेत सही केलेला कागद लागतो, हे आधीच विचारा. कागद लागत असेल तर घरच्या कुणाला तरी अधिकारपत्र देऊन ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी भरलेले पैसे सोमवारी कार्डात दिसू शकतात, कारण शनिवार-रविवार चलनबाजार बंद. दिवाळीत मधल्या सुट्ट्या धरून आणखी लांबतं. काही बँका किटमध्ये दुसरं कार्ड देतात. ते पहिल्याशेजारी पाकिटात ठेवलं तर त्याचा उपयोग शून्य, सोबत्याच्या बॅगेत ठेवा.

आमचा कौल: युरोप, इंग्लंड, दुबई, सिंगापूर यांसाठी पाचपैकी चार. जपानसाठी येनचा कप्पा असेल तर साडेतीन. प्राग-बुडापेस्टला अडीच. थायलंड, व्हिएतनाम, बालीला एक, तोही आणीबाणीसाठी. नेपाळ-भूतानला प्रश्नच नाही. दोन आठवड्यांच्या युरोपसाठी खर्चाची वाटणी साधारण अशी बसते: दोन तृतीयांश फॉरेक्स कार्डात, माणशी १५०-२०० युरो नोटांत आणि त्यातही ५, १०, २० च्या नोटा जास्त (सार्वजनिक स्वच्छतागृहाला सुटं नाणं लागतं), बाकी क्रेडिट कार्डावर. मे आणि दिवाळीच्या तोंडावर लहान नोटा संपतात, त्यासाठी आठवडाभर आधी सांगून ठेवावं. दर आणखी उतरेल म्हणून वाट पाहत बसू नका. अर्धी रक्कम महिनाभर आधी, अर्धी निघण्याच्या आठवड्यात भरली की फार चुकत नाही.

परत आल्यावर कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका. वापर न झाल्यास काही बँका दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने शिलकीतून फी कापतात, दोन-तीन वर्षांत छोटी शिल्लक आपोआप आटलेली असते. नियमाने २,००० डॉलरपर्यंतचं चलन पुढच्या प्रवासासाठी ठेवता येतं, त्याहून जास्त असेल ते परतल्यापासून १८० दिवसांत विकावं लागतं. पुढची सहल वर्षभरात नसेल तर सगळंच रिकामं करा. मात्र हॉटेलांचे होल्ड सुटेपर्यंत थांबा, नाहीतर मागाहून सुटलेले ४० युरो बंद केलेल्या कार्डात येऊन बसतात. साधारण महिन्याभराने ॲपमध्ये शिल्लक पाहा, परतीचा अर्ज भरा, पैसे स्वतःच्याच खात्यात मागवा आणि पासपोर्टवरचा परतीचा शिक्का असलेल्या पानाची झेरॉक्स सोबत न्या. काही शाखा ती मागतात.